मोठं मॅगझिन लावू का? लायसनवाल्या भावांसाठी सरळ सांगतो

माझ्याकडे लोक दोन गोष्टी घेऊन येतात, एक कापसाचा भाव आणि दुसरी बंदूक. कापसाचं माझ्या हातात काही नाही भो. बंदुकीचं थोडंफार कळतं कारण फौजेत सतरा वर्षं गेली, त्यातली चार कोतमध्ये, म्हणजे जिथं पलटणीची सगळी हत्यारं ठेवतात तिथं. रिटायर होऊन आता पारोळ्याकडे शेती करतो, पण आजूबाजूचे बँकेतले गार्ड, पेट्रोलपंपवाले, मळ्यात राहणारे, कोणाचं काही अडकलं की येतात.

परवा अमळनेरचा भाचा आला. त्याच्या नावावर नुकतंच 32 बोरच्या (बोर म्हणजे नळीचं माप) पिस्तुलाचं लायसन झालंय आणि तेव्हापासून पोरगं रात्री दोन दोन वाजेपर्यंत यूट्यूब बघतंय. म्हणे मामा, अमेरिकेत तीस राउंडचं मॅगझिन, म्हणजे तीस गोळ्या मावणारा डबा, मिळतं, आपल्याला लावता येईल का, माझा मित्र न्यू जर्सीला आहे तो दिवाळीला येतोय, बॅगेत टाकून आणतो म्हणतोय. मी हातातला चहा खाली ठेवला. त्याला दोन तास जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण हा प्रश्न तो एकटाच विचारत नाहीये.

आधी कायद्याचं बघू. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे आणि त्याखाली 2016 चे नियम. अमेरिकेचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की इथंही दहा राउंडच्या वर बंदी किंवा पंधराच्या वर बंदी असली काहीतरी रेघ असेल. आपल्या मूळ कायद्यात गोळ्या मोजून आखलेली तशी रेघ नाही. आपला कायदा वेगळ्या बाजूने धरतो. तो विचारतो हत्यार कोणतं, बोर कोणता, ऑटोमॅटिक आहे का, आणि तुझ्या लायसनवर काय लिहिलंय. प्रतिबंधित शस्त्राची व्याख्या एकदा वाचून बघा, त्यात मॅगझिनचा उल्लेखच आहे: ट्रिगर दाबून धरला की सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात असं जे हत्यार, ते प्रतिबंधित. तसलं हत्यार बेकायदा सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आणि चौदापर्यंत. बोरचंही तसंच, 9 एमएम आणि 303 हे प्रतिबंधित बोरमध्ये येतात, साध्या माणसाला कलेक्टर साहेब जे देतात ते 32 चं पिस्तूल नाहीतर रिव्हॉल्व्हर, 315 ची रायफल, 12 बोर, बहुतेक हेच.

आता खरी गोम इथं आहे. लोक म्हणतात मॅगझिन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, त्याला काय लायसन लागतं. लागतं. कायद्यात शस्त्र आणि अग्निशस्त्र दोन्हीच्या व्याख्येत त्याचे भाग सुद्धा धरलेत. म्हणजे पिस्तूल घरी नाही, लायसन नाही आणि खिशात नुसतं मॅगझिन सापडलं, तरी पोलिसाला केस लावायला जागा आहे. बिनालायसन शस्त्र बाळगायची शिक्षा आता कमीत कमी दोन वर्षं आणि पाचपर्यंत आहे, पूर्वी एक ते तीन होती. आणि ज्याच्याकडे लायसन आहे त्यानेही लायसनवरची अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन जायची भीती वेगळी. दंड दोन हजारच ना म्हणून हसू नका, लायसन एकदा रद्द झालं की परत मिळवताना चपला झिजतात.

म्हणून जादा मॅगझिन पाहिजेच असेल तर सरळ रस्ता असा. लायसन, त्यावरचा तुमचा यूआयएन नंबर (लायसनवाल्याचा ओळख क्रमांक) आणि हत्यार घेऊन लायसनवाल्या शस्त्र दुकानदाराकडे जा. तुमच्या हत्याराच्या कंपनीचं, त्याच मॉडेलचं मॅगझिन मागा. पक्कं बिल घ्या, बिलावर हत्याराचा नंबर लिहून मागा, आणि बिलाची झेरॉक्स लायसनच्या पाकिटातच ठेवा. दुकानदार नाही म्हणाला तर नाही. कंपनी जेवढ्या राउंडचं देते तेवढंच तुमचं. आणि काडतुसांचा कोटा लायसनवर लिहिलेला असतो, एका वेळी किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, तो मॅगझिन मोठं झालं म्हणून वाढत नाही. हे भाच्याच्या डोक्यातच नव्हतं.

बाहेरून आणायचं तर नावच काढू नका. जमिनीने, समुद्राने, विमानाने कशानेही शस्त्र किंवा त्याचा भाग देशात आणायला वेगळं लायसन लागतं, कलम 10 आहे त्यासाठी. मित्र मुंबईला उतरेल, बॅग मशीनमधून जाईल, आणि त्याची दिवाळी कस्टमच्या ऑफिसात होईल. मजा म्हणजे त्या मित्राच्या न्यू जर्सीतच 2018 च्या कायद्याने दहाच्या वर राउंडचं मॅगझिन साध्या माणसाला ठेवता येत नाही! कॅलिफोर्नियात पण दहा, कोलोरॅडोत 2013 पासून पंधरा. अख्ख्या अमेरिकेत 1994 पासून दहाच्या वर नव्या मॅगझिनवर बंदी होती, ती 2004 मध्ये मुदत संपून उठली, मग ज्या त्या राज्याने आपापलं ठरवलं. व्हिडिओवाला टेक्सासात बसून बोलतो आणि आपलं पोरगं अमळनेरात बसून मान हलवतं.

आणखी एक, एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे जाऊ नका. जळगाव असो धुळे असो, आपल्याकडे हात असलेले कारागीर खूप आहेत, भाऊ नमुना द्या दोन दिवसात करून देतो म्हणतात. शस्त्राची दुरुस्ती करायला सुद्धा लायसन लागतं आणि बिनालायसन बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, बदल करणं या सगळ्याला एकाच कलमात सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गरीब कारागिराला पण अडकवाल. सातपुड्याच्या कडेने, चोपड्याच्या वर उमर्टीकडून येणारा गावठी माल दर थोड्या दिवसांनी पेपरात असतो, कोण कुठे पकडला ते. त्या मालाला लायसन होत नाही, कधीच होणार नाही, आणि त्याचं मॅगझिन तर, जप्त झालेली दोनचार बघितलीत मी, हाताने पिटलेला पत्रा, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. पोलिसांनी नाही पकडलं तर ते हत्यारच कधीतरी हात फोडेल.

बरं, आता दुसरा भाग, आणि मला विचाराल तर हाच जास्त महत्त्वाचा. समजा कायद्याने मिळालंच, तरी मोठं मॅगझिन घ्यावं का? मी नाही घेणार.

मॅगझिनमध्ये मुख्य चारच गोष्टी असतात. डबा, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर बसलेली पट्टी जी गोळ्या वर ढकलते, आणि डब्याच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा, त्यांना आम्ही ओठ म्हणायचो. हत्याराचा सरकता भाग, पिस्तुलात स्लाईड आणि रायफलीत बोल्ट, दर वेळी मागे जाऊन पुढे येतो, त्या एवढ्याशा वेळात स्प्रिंगने पुढची गोळी वर आणून ओठांत बसवायची असते. स्प्रिंग ढिली असेल तर गोळी उशिरा वर येते आणि बोल्ट रिकामाच पुढे जातो नाहीतर गोळीला अर्ध्यात चिमटतो. ओठ फाकले असतील तर गोळी तोंड वर करून येते किंवा दोन एकदम येतात. म्हणजे पिस्तूल अडकलं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा पिस्तूल बिचारं ठीक असतं, दोष डब्याचा असतो.

जितक्या जास्त गोळ्या तितकी लांब स्प्रिंग. पूर्ण भरलं की ती जास्त दबते, पहिल्या गोळ्या घट्ट, शेवटच्या ढिल्या. गोळ्यांचं वजनही ओठांवर येतं, भरलेलं मॅगझिन फरशीवर पडलं तर ओठ वाकायला एक पडणं पुरतं. त्यात गोळ्या दोन रांगांत भरलेल्या असतात आणि पिस्तुलात शेवटी त्या दोन रांगांची एक करून वर आणायची, तिथं घासाघीस होते. फौजेतल्या जुन्या स्टेनगनला हाच रोग होता, 32 राउंडचं मॅगझिन पण जवान दोनतीन कमीच भरायचे. नंतर जी 9 एमएम कार्बाईन आली तिचं मॅगझिन 34 चं, तिच्यात पट्टीला चक्क रोलर लावले आणि गोळ्या वर दोन बाजूंनी निघतील असं केलं, तेव्हा कुठं सुधारलं. 303 च्या ब्रेनगनला पण 30 चं मॅगझिन आणि भरायची 28. आमचा उस्ताद म्हणायचा, दोन गोळ्या देवाच्या.

आणि प्लास्टिकचं सांगतो. फौजेच्या इन्सास रायफलचं मॅगझिन 20 राउंडचं, अर्धपारदर्शक, आतल्या गोळ्या दिसतात म्हणून सगळ्यांना आवडायचं. 1999 ला कारगिलच्या थंडीत तीच मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. तो सरकारी माल होता, तपासून पास झालेला. मग यूट्यूबवर बघून मागवलेल्या कोणत्यातरी कंपनीच्या डब्यावर मी कशाला भरवसा ठेवू? आपल्याकडे थंडी कारगिलची नाही पण मे महिन्यात भुसावळचं ऊन 45 च्या वर जातं, गाडीच्या डिकीत किती होत असेल तुम्हीच हात लावून बघा. मॅगझिन असो काडतुसं असो, डिकीत ठेवायचं नाही. तसंही हत्यार गाडीत टाकून जेवायला जाणं हा मूर्खपणाच आहे.

आता तुमच्या हातात जे आहे ते नीट चालवायचं कसं ते सांगतो.

32 वाल्यांची सगळ्यात मोठी चूक बोरच्या नावात. लायसनवर 32 लिहिलंय म्हणून कोणतीही 32 ची गोळी आणतात. पिस्तुलाची गोळी आखूड असते आणि रिव्हॉल्व्हरची लांब, तिच्या बुडाची कड पण मोठी. रिव्हॉल्व्हरची गोळी पिस्तुलाच्या मॅगझिनला बसवायला गेलात तर मॅगझिन बिघडतं. दुकानात बत्तीस द्या एवढंच बोलू नका, हत्याराचं नाव सांगा, खोका उघडून एक गोळी मॅगझिनच्या तोंडाशी धरून बघा, दुकानातच.

दुसरं, पिस्तुलाच्या 32 च्या गोळीला मागे थोडी बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली तर दोन्ही जागेवर कुलूप लागल्यासारख्या बसतात, कितीही स्लाईड मागे ओढा. हे का होतं? भरताना गोळी मागेपर्यंत न सरकवल्याने, किंवा खिशात हलून हलून, किंवा आखूड टोकाच्या वेगळ्या गोळ्या वापरल्याने. म्हणून प्रत्येक गोळी भरताना अंगठ्याने दाबून पार मागे भिडवायची, वरची कड नेहमी खालचीच्या पुढे. 315 च्या रायफलीचं तर जास्तच, त्या गोळीची कड चांगली ठसठशीत आहे आणि मॅगझिन पाचचं. तिथं उलटसुलट भरलं की पहिल्याच झटक्याला अडकणार. हळू भरा, पाचच तर भरायच्या आहेत, कुठं रेल्वे सुटतेय.

12 बोरची डबल बॅरल असेल तर मॅगझिनचा विषयच नाही, दोन टाका दोन काढा, म्हणून बँकेतले म्हातारे गार्ड तिलाच धरून असतात आणि बरोबर करतात. पंपवाली, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून भरायची बंदूक असेल तर नळीचं मॅगझिन असतं. त्यातल्या स्प्रिंगवर गंज चढतो आणि कोणी उघडून बघत नाही, कारण बाहेरून दिसत नाही. पावसाळा संपला की उघडून पुसायचं. 12 बोरची जुनी काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात लावून खुंटीला टांगतात ना, ते बंद करा, चामडं कमावताना जे वापरतात त्याने पितळेवर हिरवा थर येतो, काडतूस नळीत घट्ट बसतं. कागदी खोळीची असतील तर पावसाळ्यात फुगतात. फुगलेलं काडतूस पंपमध्ये गेलं की विसरा.

तेलाचं बोलायचं तर आपल्याकडे जो तो खोबरेल लावतो. डिसेंबरात खोबरेल बाटलीत गोठतं हे घरातल्या पोराला माहीत असतं आणि तेच तेल आपण पिस्तुलात ओततो. खाण्याचं कुठलंच तेल नको, शेंगदाण्याचं नको, तिळाचं नको, वाळून गोंदासारखं होतं. बंदुकीचं तेल घ्या दुकानातून, आणि मॅगझिनच्या आत तर ते पण जवळपास नकोच. आपली काळी माती मार्चनंतर पिठासारखी उडते, कापसाची धूळ वेगळी, तेलाला चिकटून आत लेप बसतो. शिवाय तेल झिरपून गोळीच्या बुडाशी गेलं तर गोळी फुसकी निघू शकते. मॅगझिन उघडायचं, कोरड्या चिंधीने पुसायचं, स्प्रिंगला तेलाचं बोट फिरवून लगेच परत कोरडं पुसायचं, झालं. नळीला मात्र फुलतरू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ओढायचा, आधी तेलाची चिंधी मग कोरडी. फौजेत शिकलेल्याला फुलतरू आणि चिंधी सांगावी लागत नाही, बाकीच्यांनी दुकानात मागा, मिळते.

मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का, हा प्रश्न तर रोजचा. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती दाबणं सोडणं दाबणं सोडणं याने थकते. म्हणजे रोज रात्री भरून रोज सकाळी काढणारा माणूस स्प्रिंगचं जास्त नुकसान करतो. पण घरात लेकरं असतील तर स्प्रिंगचा विचार मागे, मॅगझिन काढलेलं, नळी रिकामी, हत्यार एका कुलपात आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात. मी स्वतः एक गोळी कमीच भरतो. सवय.

दोन मॅगझिन असतील तर बुडाशी पक्क्या रंगाने 1 आणि 2 लिहा. अडकलं की कोणतं होतं ते वहीत लिहा. तेच तेच मॅगझिन तिसऱ्यांदा अडकलं तर ते बाद, पकडीने ओठ दाबायचा उद्योग करायचा नाही, मी सांगतोय कारण मी केलाय, आणि एक ओठ दाबायला गेलो तर दुसरा वाकला. ओठ तपासायचे तर नव्या मॅगझिनशेजारी धरून उजेडात बघा, एक बाजू उंच दिसली तरी समजा. स्प्रिंगसाठी पट्टी बोटाने पार खाली दाबून सोडा, ठणकन वर आली पाहिजे, अडखळत आली तर आत माती आहे किंवा स्प्रिंग गेली. हे सगळं रिकाम्या मॅगझिनवर. घरात खऱ्या गोळ्या भरून स्लाईड ओढून बघायची नाही, खोट्या गोळ्या मिळतात त्या वापरा. आणि चालवून बघायचंच असेल तर जिथे परवानगीची रेंज आहे तिथे जा, मळ्यात नाही, आणि हळदीत तर अजिबात नाही, आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर 2019 पासून त्याला वेगळं कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रानडुकराचं पण तेच, पीक राखायचं लायसन आहे म्हणून डुकरावर गोळी चालवता येत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते.

राहिलं एक, इलेक्शनचं. आचारसंहिता लागली की बहुतेकांना हत्यार जमा करायची नोटीस येते. तेव्हा लोक पिस्तूल काउंटरवर ठेवतात, पावतीवर एक नग पिस्तूल लिहितात, सही करून घरी. माझ्या ओळखीच्या एका पंपवाल्याने असंच केलं. दोन मॅगझिनसकट दिलं होतं, परत मिळालं तेव्हा एकच आणि ते पण दुसऱ्या कोणाचं, बसायचं पण अडखळायचं. आता भांडायचं कशावर, पावतीवर मॅगझिनचा शब्दच नाही. म्हणून जमा करताना लिहून घ्या: पिस्तूल नंबर अमुक, मॅगझिन दोन, बुडाशी रंगाने 1 व 2, काडतुसं इतकी. ठाण्यातला हवालदार म्हणेल एवढं कशाला लिहायचं भाऊ, तर म्हणा साहेब मीच लिहितो तुम्ही सही करा. जमा करायच्या आधी रात्री कोरडं पुसा, नळीत तेलाचा बारीक हात, कारण दोन महिने ते कुठल्या कपाटात कुठल्या दमटात पडेल सांगता येत नाही. परत आणलं की लगेच भरायचं नाही, आधी उघडून बघायचं.

भाच्याने तिथंच बसून मित्राला फोन लावला. मी म्हटलं स्पीकरवर टाक. मित्र म्हणाला अरे मी मागवणारच होतो दुसऱ्या राज्यातून. मी फोन हातात घेतला आणि सांगितलं, बाबा तू बदाम आण.